तारा गप्प करणारी पट्टी: ब्लूजसाठी सहा महिने वापरल्यावर

गिटारच्या नटाजवळ (नट म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात तो तुकडा) गुंडाळायची वेल्क्रोची पट्टी, म्हणजे स्ट्रिंग डॅम्पर, मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या, तारांचा गुणगुणाट थांबवते यात वाद नाही. तरीही ब्लूज वाजवणाऱ्याने ती कायमची चढवून ठेवू नये. तिचा खरा उपयोग चूक शोधायला होतो.

आधी गिटार ट्यून करा, मग पट्टी पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी कांडी) आणा. फार आवळली तर तारा फ्रेटला टेकून झणझणतात. सहाही तारा (पहिली सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड) एकेक करून छेडा. नुसता ‘टप्प’ आवाज आला की झालं. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे सूर मात्र आता विसरा. ई या सुरातला मोकळ्या तारांचा शफल (ब्लूजचा झुलता ठेका) वाजवायचा असेल तर पट्टी नटाच्या मागे सरकवावी लागते.

आता चाचणी. अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) नेहमीपेक्षा थोडा जास्त, रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, बंद (रिव्हर्बमध्ये सगळी घाण लपते). ए मायनर पेंटॅटॉनिक (पाच सुरांची मालिका), तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला पूर्ण स्वराचा बेंड (तार बाजूला ढकलून सूर चढवणं), सोडा, मग दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट. हेच एकदा पट्टीसह आणि एकदा पट्टीशिवाय रेकॉर्ड करा. पट्टीने जो आवाज गेला तो मोकळ्या तारांचा, म्हणजे म्यूटिंग (नको त्या तारा हाताने गप्प ठेवणं) कमी पडतंय. पट्टी असूनही जो राहिला तो बोटाखाली अडकलेल्या तारेचा किंवा चुकलेल्या पिकचा (पिक म्हणजे तार छेडायची चपटी चकती).

हा अडकलेल्या तारेचा प्रकार फार फसवतो. बेंड वर ढकलताना चौथी तार अनामिकेखाली शिरते आणि तिथेच दाबली जाते. मग ती बोटापासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकापर्यंत, वाजते. नटाकडची पट्टी तिथे काय करणार? अनामिकेचं टोक किंचित उभं ठेवा, म्हणजे चौथी तार बोटाखाली न जाता टोकासमोर ढकलली जाते. तर्जनी मागेच राहू द्या: तिचं टोक चौथ्या तारेला हलकं टेकलेलं, बाकीचं बोट दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर आडवं. पाचवी-सहावी उजव्या तळव्याकडे. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) फारच खाली असेल तर कितीही प्रयत्न केला तरी तार बोटाखाली शिरते. थोडी उचलून बघा.

बेंड सोडताना तळवा उचलू नका. बहुतेकांचा ‘ढँग’ नेमका तिथेच येतो.

पिकच्या बाबतीत पट्टी थेट काही शिकवत नाही. १.३८ मिमीचं छोटं, जाड पिक घ्या, बोटांबाहेर ३-४ मिमीच टोक ठेवा; जास्त बाहेर आलं की ते खोल शिरतं आणि शेजारच्या तारेला अडखळतं. तिसऱ्या तारेवरून दुसरी टाळून पहिलीवर जायचा सराव ६० बीपीएमवर (मिनिटाला ६० ठोके), ट्रिपलेटमध्ये (एका ठोक्यात तीन सूर) करा. सलग दहा वेळा स्वच्छ आलं तरच वेग ४ बीपीएमने वाढवा. दुसऱ्या तारेचा ‘टप्प’ ऐकू आला की मोजणी पुन्हा शून्यापासून. इथे पट्टी लावलेली बरी, कारण चुकलेला घाव लगेच वेगळा कळतो.

टिकाऊपणा ठीक. काही महिन्यांत पॅडवर तारांच्या खाचा पडतात आणि जाड तारा नीट दबेनाशा होतात. पट्टी दोन-तीन मिमी बाजूला सरकवली की काम भागतं. वेल्क्रोमध्ये धूळ अडकते, ती जुन्या टूथब्रशने काढावी.