पिंग जी४२५ मॅक्स, १२ डिग्री : २८ हँडिकॅपवाल्याचा रिव्ह्यू

पिंगचा जी४२५ मॅक्स, गोल्फचा ड्रायव्हर (टीवरून पहिला लांब फटका मारायचा क्लब), १२ डिग्री लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागे कललेला कोन), रेग्युलर शाफ्ट (दांडा), सेकंडहँड घेतलेला. माझा कोर्स हँडिकॅप २८ (पारवर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांवर, मिळणारे जादा स्ट्रोक; आकडा जेवढा मोठा तेवढा खेळ कच्चा), स्विंग स्पीड ताशी ८५ ते ९० मैल, उजव्या हाताने खेळतो आणि बॉल उजवीकडे वळत जातो (यालाच स्लाइस म्हणतात), म्हणजे आपल्या लेव्हलच्या बहुतेकांची जी तक्रार तीच. खेळणं सगळं पुण्यात. या ड्रायव्हरवर उन्हाळा काढला, अख्खा पावसाळा काढला, आता लिहायला हरकत नाही. २० च्या वर हँडिकॅप असेल तर यंदाचं नवीन मॉडेल कुठलं हे शोधत बसण्याआधी हा बघा, आणि १२ डिग्रीतच बघा. हे १२ चं प्रकरण जरा सविस्तर लिहितो कारण दुकानात गेलं की नेमकं हेच कोणी सांगत नाही, एका ठिकाणी तर माझा एकही शॉट न बघता माणसाने ९ डिग्रीचा लो-स्पिन (बॉलला कमी फिरकी देणारा) हेड हातात दिला, का तर म्हणे याने लांब जातो.

लांब जातो, पण कोणाचा? पीजीए टूरवरच्या व्यावसायिक खेळाडूंचा ड्रायव्हरचा वेग सरासरी ताशी ११५ मैलांच्या आसपास असतो, त्या वेगाला बॉल चढतोच, त्यांना स्पिन कमी करायची गरज असते. आपण हौशी पुरुष खेळाडू सरासरी ९० च्या थोडे वर, आणि आपल्यातले बरेच त्याच्याही खाली. या वेगाला कमी लॉफ्ट आणि कमी स्पिन दिला की बॉल वर जातच नाही, १५०-१६० यार्डांवर जमिनीला टेकतो. हा झाला अंतराचा भाग. स्लाइसचा भाग त्याहून मोठा आहे. बॉलला साइडस्पिन म्हणून काही वेगळा नसतो, बॉल एकाच अक्षाभोवती फिरतो आणि तो अक्ष किती कलला त्यावर बॉल किती वळणार ते ठरतं. आता समजा तुमचा फेस स्विंगच्या पाथपेक्षा (क्लब ज्या रेषेत येतो तिच्यापेक्षा) ५ डिग्री उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला आहे. लॉफ्ट कमी असेल तर तेवढाच फरक अक्षाला खूप कलवतो, लॉफ्ट जास्त असेल तर बॅकस्पिनचा (उलट्या फिरकीचा) वाटा मोठा राहतो आणि अक्ष कमी कलतो. म्हणून ७ नंबरचा जास्त लॉफ्टचा आयर्न सरळ जातो, ३ वूड बऱ्यापैकी जातो आणि ड्रायव्हर काढला की बॉल शेजारच्या होलवर, आणि स्विंगमधला दोष मात्र तिन्ही वेळा तोच असतो. ९ वरून १२ वर गेलात की हा फरक डोळ्यांना दिसतो, लाँच मॉनिटर (शॉट मोजणारं यंत्र) लागत नाही.

मला स्वतःला दिसला तो असा की बॉल आधी फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) सोडून झाडीत शिरायचा तो आता उजव्या रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) थांबतो. स्लाइस गेला नाही, लहान झाला. कॅडीमामा आधी बॉल हवेत असतानाच झाडीकडे चालायला लागायचे, आता टीवर उभे राहून म्हणतात, "दिसतोय साहेब, चला." मला तरी यापेक्षा जास्त काही नको आहे. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब घ्या किंवा दुसरा कुठलाही झाडीतला कोर्स घ्या, दुसरा शॉट बॉल बघून मारता येणं हीच आपली कमाई.

हिशोब करा ना. कोर्स हँडिकॅप २८ म्हणजे १८ होलवर प्रत्येकी एक स्ट्रोक मिळतो आणि सगळ्यात अवघड १० होलवर दोन-दोन. म्हणजे त्या १० होलवर डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) केली तरी नेट पार (मिळालेले स्ट्रोक वजा करून पार), स्टेबलफोर्डला (प्रत्येक होलला पॉइंट देणाऱ्या खेळात) दोन पॉइंट. ३८० यार्डांचा पार ४ असेल तर १८० चा ड्राइव्ह, १५० चा कसाबसा दुसरा, एक पिच आणि तीन पट झाले तरी सहा, हिशोबात बसतं. पण टीवरून बॉल ओबी (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला की पुढचा मारलेला शॉट तिसरा, तोही परत टीवरूनच, आणि तिथेच राउंड हातातून सुटतो. स्थानिक नियम लावलेला असेल तर दोन पेनल्टी घेऊन फेअरवेच्या कडेला ड्रॉप मिळतो, तरी पुढचा शॉट चौथा. त्यामुळे २० यार्ड लांब जाणारा ड्रायव्हर आणि खेळात राहणारा ड्रायव्हर यात निवड करायची असेल तर आपल्यासाठी ती निवड झालेलीच आहे.

पावसाळ्याचं मुद्दाम सांगतो, कारण परदेशी रिव्ह्यूमध्ये हे कधीच येत नाही. मे महिन्यात आपली जमीन इतकी कडक असते की कमी लॉफ्टचा खाली मारलेला बॉलही पडून ३०-४० यार्ड घरंगळतो आणि माणसाला वाटतं ड्रायव्हर जमला. जुलैत तोच बॉल पडतो तिथेच रुततो. रोल शून्य, जे काही अंतर ते हवेतलं. १२ डिग्रीवाल्याचं अंतर पावसाळ्यात कमी होतं पण कोसळत नाही, कारण त्याचं अंतर मुळात कॅरीवर (हवेतल्या अंतरावर) आहे. माझ्या ग्रुपमध्ये ९ आणि साडेनऊवाले मे महिन्यात माझ्या पुढे असायचे, ऑगस्टमध्ये आम्ही सगळे एकाच रेषेत. आपल्याकडे वर्षातले चार महिने असे जातात, मग ड्रायव्हर निवडताना ते धरायला नकोत का.

आता या हेडबद्दल. साइझ ४६० सीसी, नियमात बसणारा मोठ्यात मोठा. टीवर ठेवला की मागे लांब पसरलेला दिसतो, काहींना तो अवजड वाटतो, मला त्याने धीर येतो. मागच्या बाजूला २६ ग्रॅमचं टंगस्टनचं वजन आहे आणि ते ड्रॉ (डावीकडे वळण), न्यूट्रल, फेड (उजवीकडे वळण) अशा तीन जागी सरकवता येतं. मी पहिल्या दिवसापासून ड्रॉवर ठेवलंय. वजन हीलच्या (हेडच्या शाफ्टकडच्या) बाजूला गेलं की फेस बंद व्हायला थोडी मदत होते, पण मदतच, चमत्कार नाही. बाहेरून आत कापत येणारा स्विंग कुठलंही वजन सुधारत नाही, त्यासाठी कोचकडेच जायला हवं आणि ड्रायव्हरच्या बजेटमधले थोडे पैसे त्यासाठी बाजूला ठेवावेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

खरी कमाई आहे ती एमओआयची, म्हणजे बॉल मध्यभागी नाही लागला तर हेड पिळवटण्याला किती विरोध करतं त्याची. हे जेवढं जास्त तेवढं हेड स्थिर. गोल्फच्या नियमांनी हील ते टो (हेडचं पुढचं टोक) या दिशेला ५९०० ग्रॅम-चौरस-सेंटीमीटरची मर्यादा घातलीय, वर १०० ची सूट. फेसच्या स्प्रिंगसारख्या उसळीलाही मर्यादा आहे, हेडच्या साइझलाही आहे. म्हणजे कंपन्यांना दरवर्षी मोठी झेप घ्यायला जागाच उरलेली नाही, जाहिरात काहीही म्हणो. २०२४ मध्ये पिंगनेच जी४३० मॅक्स १०के काढला, दोन दिशांचा एमओआय मिळून १०,००० च्या वर, टेलरमेडचा क्यूआय१० मॅक्सही त्याच वर्षी तसाच आला. दोन्ही उत्तम क्लब आहेत आणि पैशांची अडचण नसेल तर खुशाल घ्या, पण २०२१ च्या जी४२५ मॅक्सपासून तिथपर्यंतचा फरक आपल्या स्विंगमध्ये एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत जो फरक पडतो त्याच्यापुढे काहीच नाही. मला तरी टोवर लागलेला बॉल आता १०-१२ यार्डच कमी जातो, आधी एका मित्राचा जुना लहान हेडचा ड्रायव्हर वापरत होतो त्यात असा शॉट म्हणजे निम्मा जायचा. हीलवर लागलेला अजूनही उजवीकडे जातो, कारण हीलवरचा फटका बॉलला आणखी स्लाइस स्पिन देतो, तिथे एमओआय थोडंच वाचवतं.

तुमचा फटका कुठे लागतो ते आधी बघा, त्याला खर्च नाही. व्हाइटबोर्ड मार्करने बॉलवर जाड ठिपका काढायचा, तो फेसकडे तोंड करून टीवर ठेवायचा, मारला की फेसवर ठसा उमटतो, ओल्या कपड्याने पुसायचा आणि परत. सगळे ठसे हीलकडे दिसले तर कुठलाही ड्रायव्हर घेण्याआधी बॉलपासून अर्धा पाऊल मागे उभं राहून बघा, किंवा शाफ्टवर एक इंच खाली पकडा. हल्लीचे ड्रायव्हर साडेपंचेचाळीस ते शेहेचाळीस इंचांचे येतात, कंपनीला वेग दाखवायचा असतो ना, पण तेवढी लांबी आपल्याला मध्यभाग सापडू देत नाही. मी कायम एक इंच खाली पकडूनच खेळतो, अंतर गेल्याचं जाणवलं नाही.

शाफ्टच्या फ्लेक्सचं, म्हणजे तो किती लवतो त्याचं थोडक्यात. ८५-९० मैलांच्या वेगाला रेग्युलर. ८० च्या खाली असाल तर आणखी लवणारा सीनियर फ्लेक्ससुद्धा, त्या नावाकडे बघू नका, चाळिशीतल्या माणसाला तो बसत असेल तर तोच त्याचा शाफ्ट. स्टिफ (कडक) घेऊन खेळणारे आपल्या ग्रुपमध्ये अनेक आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा बॉल खाली आणि उजवीकडे जातो. आवाज म्हणाल तर टणत्कार नाही, बसका धप्प असा. मला आवडतो, पण रेंजवर एकदा मारून ऐकून घ्या.

होझलवर (हेडमध्ये शाफ्ट बसतो त्या जागी) लॉफ्ट दीड डिग्रीपर्यंत कमी-जास्त करता येतो. यात एक गोष्ट लक्षात ठेवायची, लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो आणि कमी केला की उघडतो. म्हणजे १२ चा मिळालाच नाही आणि साडेदहाचा चांगल्या स्थितीत मिळाला तर तो वाढवून १२ करा, स्लाइसवाल्याला ते उलट सोयीचंच पडतं. ९ चा मात्र स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, पूर्ण वाढवूनही तो साडेदहालाच अडकतो.

सेकंडहँड घेताना काय बघायचं. मला नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाला, ओळखीतल्या माणसाकडून, ते बरंच. ऑनलाइन बनावट क्लब खूप फिरतात. पिंगच्या होझलवर सीरियल नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो मागा, नंबर पुसट किंवा गायब असेल तर विषय तिथेच संपवा. फेसवर नख फिरवून बारीक चीर आहे का बघा, हेड हलवून आत काही खुळखुळतंय का ऐका, वजनाचा स्क्रू फिरतो का बघा आणि रेंच मागून घ्या, तो नसला की ॲडजस्टमेंट सगळी कागदावरच. वरच्या भागावरचे टीचे ओरखडे आणि रंग उडालेला असेल तर त्याने खेळात काही फरक पडत नाही, किंमत कमी करायला मात्र उपयोग होतो. जी४१०, जी४२५ आणि जी४३० ची स्लीव्ह (शाफ्ट हेडला जोडणारा भाग) एकच आहे, पुढे शाफ्ट बदलायचा झाला तर पर्याय भरपूर.

ज्यांचा स्लाइस फारच मोठा आहे त्यांनी याच सीरिजचा एसएफटी बघावा, त्यात वजन हीलच्या बाजूला पक्कं बसवलेलं आहे, हलत नाही, पण ड्रॉची ओढ मॅक्सपेक्षा जास्त. टेलरमेडचा सिम२ मॅक्स डी आणि कॅलवेचा रोग एसटी मॅक्स डी हेही त्याच कामाचे, जुन्या बाजारात मिळाले तर नक्की मारून बघा. आणि ज्यांचा बॉल डावीकडे हुक होतो किंवा वेग १०५ च्या वर आहे त्यांनी वरचं सगळं सोडून द्यावं, त्यांची गरज वेगळी.

माझं सेटिंग विचाराल तर लॉफ्ट १२ वरच, वजन ड्रॉला, टी अशी की अर्धा बॉल हेडच्या वर दिसेल. पावसाळ्यात टी थोडी आणखी उंच लावतो आणि ग्रिप सप्टेंबर संपला की बदलून घेतो, ओल्या ग्लव्हने ती चार महिन्यांत गुळगुळीत होते.