ग्राफिक्स कार्ड दुरुस्त करायचं, जुनं घ्यायचं, की सरळ नवं?

विंडोज सुरू व्हायच्या आधीच, मदरबोर्डच्या लोगोवर हिरव्या-गुलाबी ठिपक्यांची रांगोळी उमटली तेव्हाच समजलं की ड्रायव्हर बदलून भागणार नाही. ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. तो विंडोजबरोबर चढतो, लोगोच्या वेळी नसतोच. ग्राफिक्स कार्ड होतं एनव्हिडिया कंपनीच्या चिपचं, सहा जीबीचं जीटीएक्स १०६०. त्यावर माझं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग चालायचं. समोर तीन रस्ते होते आणि त्यातला सगळ्यात वाईट मी आधी धरला.

खिशात हात घालण्याआधी गुन्हेगार कार्डच आहे ना, ते बघा. स्क्रीन बिघडलेली असताना स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाईलवर उघडा. ठिपके तिथेही दिसले तर ते कार्डाच्या आतून आलेत. चित्र स्वच्छ असेल तर आधी केबल आणि मॉनिटर बदलून बघा. मग कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडा. तिथे चित्र स्वच्छ आलं तर संशय कार्डावर. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर हे जमणार नाही, कारण त्यात ग्राफिक्स नसतंच. स्क्रीन फक्त गेम किंवा रेंडरच्या (म्हणजे व्हिडिओची अंतिम फाइल बनवायच्या) वेळी बिघडत असेल तर पॉवर सप्लायवरही संशय घ्या. लोड आल्यावर १२ व्होल्टची लाइन ११.४च्या खाली घसरत असेल तर बिचाऱ्या कार्डाचा दोष नाही. आणि कार्ड वॉरंटीत असेल तर हा लेख इथेच सोडा. एकही स्क्रू न खोलता सर्व्हिस सेंटर गाठा.

आता दुरुस्ती. या एकाच शब्दाखाली बाजारात दोन अगदी वेगळी कामं चालतात. एक म्हणजे ‘चिप गरम करून देतो’. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने माझ्या कार्डावर हॉट एअर गन फिरवली, आठशे रुपये घेतले आणि स्क्रीन आरशासारखी स्वच्छ करून दिली. एकोणिसाव्या दिवशी, एका रिसेप्शनचं रेंडर चालू असताना, रांगोळी परत आली. यात नवल नाही. २००८ साली एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिप मोठ्या प्रमाणावर निकामी होऊ लागल्या आणि कंपनीने त्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. तेव्हापासून लोक बोर्ड चक्क ओव्हनमध्ये भाजतायत. उष्णतेने तुटका सांधा काही दिवस पुन्हा टेकतो, जुळत नाही. त्या चिपमध्ये तर दोष आतल्या बारीक सांध्यांत होता, जिथे बाहेरून सोल्डरिंग करताच येत नाही.

दुसरं काम म्हणजे बिघडलेली मेमरी चिप शोधून ती काढणं आणि नवी बसवणं. ही खरी दुरुस्ती. ठिपके किंवा चौकडी ठरावीक अंतरावर, नेमाने दिसत असतील तर बऱ्याचदा मेमरीच गेलेली असते. कारागिराला एकच प्रश्न विचारा: ‘कुठली चिप गेलीय?’ त्याने बोट ठेवून दाखवलं तर माणूस कामाचा. ‘बघू, गरम करून बघू’ म्हणाला तर कार्ड उचला आणि निघा. पण हा खर्च महागड्या कार्डालाच शोभतो. माझ्या १०६०सारख्या २०१६च्या कार्डावर तो करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्यातून एनव्हिडियाने या पिढीला नेहमीचे नवे ड्रायव्हर देणं २०२५मध्ये थांबवलंय.

याच कारणासाठी जुन्या बाजारात ‘तेच कार्ड, चालू कंडिशन’ दिसलं तरी मोह आवरा. जुनं घ्यायचंच असेल तर निदान एक पिढी पुढचं घ्या. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर रात्रंदिवस गणितं चालवून हे डिजिटल चलन मिळवणं) बंद झालं आणि ढिगांनी कार्डं विकायला आली. मायनिंगवर चाललेलं कार्ड वाईटच, असं मी म्हणणार नाही. पंखे आणि थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) झिजलेले असतात, पण ते बदलता येतात. खरी भीती न बघता घेण्याची, म्हणजे पाण्यात म्हैस आणि वर मोल. विकणाऱ्याच्या घरी जा, कार्डाला पूर्ण ताण देणारं फरमार्क हे सॉफ्टवेअर अर्धा तास चालवा, ओसीसीटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, टेस्ट लावा. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेडही उघडा. जुन्या चिपवर नव्या नावाचं बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) चढवलेली नकली कार्डं ते बहुतेक वेळा पकडतं. विकणारा ‘तेवढा वेळ नाही हो’ म्हणाला तर तेच उत्तर समजा.

नवं कार्ड या तिन्हींत महाग, पण रोज त्यावर पोट असेल तर मी तेच घ्यायला सांगेन. कारण वेग नाही, वॉरंटी. साधारण तीन वर्षं रांगोळीची काळजी दुसऱ्याच्या डोक्यावर. मी सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० घेतलं. ते ७० वॅटमध्ये भागवतं आणि मदरबोर्डचा स्लॉट ७५ देतो, म्हणून वेगळी पॉवर केबल लागली नाही आणि जुना पॉवर सप्लाय तसाच ठेवता आला. याच नावाचं आठ जीबीचं कार्ड जास्त वेगवान आहे आणि वीजही जास्त खातं, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचून घ्या. इंटेलचं आर्क ए३८० स्वस्त पडत होतं, पण त्याला नीट चालायला मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि माझ्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर ते जमत नव्हतं.

घाई मात्र करू नका. नवं कार्ड येईपर्यंत तीन आठवडे मी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम काढलं. फोरके फुटेज अडखळायचं, म्हणून प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून कटिंग केलं आणि रेंडर रात्री लावून झोपलो. ऑफिसची कामं, टॅली आणि यूट्यूब एवढंच असेल तर कदाचित कार्डाची गरजच नाही.

नवं घेतलंत तर बिल आणि कार्डावरच्या सीरियल नंबरचा स्टिकर, दोन्हींचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं वॉरंटीच्या आधी उडतात.