इंजेक्टर तपासायचाय: स्कोपवर व्होल्टेज बघायचं का करंट?

एक सिलिंडर मिस मारतोय, प्लग झाले, इग्निशन कॉइल झाली, आता संशय इंजेक्टरवर (इंधन फवारणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह) आलाय आणि स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलचं चित्र दाखवणारं यंत्र) हातात आहे किंवा घ्यायचा विचार चाललाय, तर पुढचा प्रश्न हाच असतो की नुसत्या प्रोबने व्होल्टेज बघायचं का करंट क्लॅम्पवर (वायरभोवती अडकवून करंट दाखवणारा चिमटा) पैसे घालायचे. माझं मत आधीच सांगून टाकतो, एकच घेता येत असेल तर क्लॅम्प घ्या. पण प्रोबला काही जागी पर्याय नाही, तेही खाली आहेच.

स्कोप नको, मल्टिमीटरवरच भागवू असं वाटत असेल तर त्याची हद्द बघा. साध्या पोर्ट इंजेक्टरची (इनटेकमध्ये फवारणारा) आतली कॉइल साधारण 11 ते 18 ओहम दाखवते, ओपन किंवा पूर्ण शॉर्ट असेल तर लगेच कळतं. पण तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला 0.4 टक्क्याच्या आसपास वाढतो, म्हणजे गार इंजिनवर 14 ओहम असलेला इंजेक्टर गरम झाल्यावर 17 दाखवेल आणि तरी तो चांगलाच असेल. त्यामुळे आकडा एकटा धरू नका, सगळे एकाच तापमानाला मोजून एकमेकांशी ताडून बघा. नॉइड लाइटचं (इंजेक्टरच्या कपलरला लावायचा छोटा दिवा) तर काय, लुकलुकला म्हणजे ईसीयूकडून (इंजिनचा कॉम्प्युटर) पल्स येतेय, एवढंच.

आता व्होल्टेज. प्रोब ईसीयू स्विच करतो त्या वायरला, म्हणजे ग्राउंड बाजूला, कपलरच्या मागून बारीक पिन घालून लावायचा (इन्सुलेशनला भोक पाडू नका, नंतर तिथेच गंज धरतो), आणि प्रोबचा ग्राउंड बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजेक्टर बंद असताना बॅटरी व्होल्टेज, म्हणजे 14 च्या आसपास, दिसतं, ईसीयूने वायर ग्राउंड केली की ते खाली शून्याजवळ येतं, आयडलला 2 ते 4 मिलिसेकंद तिथे राहतं आणि सोडल्या सोडल्या कॉइल वर झटका मारते, तो साधारण 60 ते 80 व्होल्टपर्यंत जातो. मग उतारावर एक बारीक कुबड दिसतं, तो इंजेक्टरमधल्या सुईच्या (भोक उघडणारी-बंद करणारी) बंद होण्याचा क्षण. सगळ्या गाड्यांत ते कुबड स्पष्ट दिसत नाही, ईसीयूच्या आतल्या सर्किटवर आहे ते, म्हणून दिसलं नाही तर लगेच इंजेक्टर अडकलाय असं म्हणू नका, शेजारच्या सिलिंडरचा बघा.

प्रोबची खरी ताकद वायरिंगमध्ये आहे. पल्स चालू असताना व्होल्टेज शून्याच्या जवळ न जाता दीड-दोन व्होल्टवर अडकलं तर ड्रायव्हर (ईसीयूमधला वायर ग्राउंड करणारा स्विच) किंवा त्याचं ग्राउंड खराब, आणि तोच प्रोब सप्लायच्या पिनवर नेला आणि पल्सच्या वेळीच व्होल्टेज बसलं तर रिले, फ्यूज किंवा कपलरमध्ये गडबड. करंट वाहत नसताना असलं कनेक्शन लपून राहतं, म्हणून साध्या मीटरला ते एकदम ठणठणीत वाटतं. फक्त एक जपा, तो 80 व्होल्टचा झटका छोट्या स्कोपच्या इनपुटला झेपेलच असं नाही, निदान 10:1 चा प्रोब (व्होल्टेज दहावा हिस्सा करून देणारा) किंवा अ‍ॅटेन्युएटर लावाच आणि इनपुटची मर्यादा आधी वाचा.

क्लॅम्प घेताना हॉल इफेक्टवाला, डीसी मोजणारा, आणि कमी अ‍ॅम्पिअरला नीट दाखवणारा घ्या. नुसता एसीवाला इथे चालत नाही. एक वायर वेगळी काढून तिच्याभोवती लावला आणि झिरो केला की झालं, काही टोचायचं नाही, उघडायचं नाही. चित्र असं येतं: करंट हळूहळू चढतो, मध्येच एक छोटा खळगा पडतो (सुई उचलली गेली), मग परत चढत पल्स संपेपर्यंत 1 अ‍ॅम्पिअरच्या आसपास पोचतो. खळगा गायब असेल आणि बाकीच्यांना असेल तर सुई अडकलेली असण्याचा दाट संशय. चढ फार उभा आणि शिखर उंच असेल तर कॉइलचे वेढे आतून शॉर्ट, आणि शिखर बुटकं असेल तर कुठेतरी जास्तीचा रेझिस्टन्स. शिवाय इंजेक्टरच्या फ्यूजच्या जागी वायरचा लूप (फ्यूज त्यातच ठेवून) घातला आणि त्यावर क्लॅम्प लावला तर एकाच स्क्रीनवर सगळ्या इंजेक्टरचे डोंगर ओळीने दिसतात, दुसऱ्या चॅनेलवर पहिल्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलचा सिग्नल दिला की कोणता कोणाचा तेही कळतं. याच सोयीसाठी मी क्लॅम्पच्या बाजूने आहे.

गाडी डायरेक्ट इंजेक्शनची (थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) असेल तर विचार करायचाच नाही, क्लॅम्प. तिथे ईसीयू 65 व्होल्टच्या आसपासच्या बूस्टने दोन्ही बाजू चालवतो आणि करंट 10 अ‍ॅम्पिअरच्या वर जातो, साध्या प्रोबचा ग्राउंड चुकून इंजेक्टरच्या वायरला लागला तर ईसीयूचा ड्रायव्हर जाऊ शकतो. पिझो इंजेक्टरवाल्या (कॉइलऐवजी व्होल्टेज दिल्यावर लांबणाऱ्या क्रिस्टलवर चालणारे) डिझेलमध्ये तर व्होल्टेज 100 च्या पुढे असतं आणि इंजिन चालू असताना कपलर काढायचाच नाही, इंजेक्टर उघडाच राहू शकतो आणि मग सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं जातं.

स्कोपच्या स्पीडची फार चिंता नको, 1 मेगासॅम्पलवालाही या कामाला भरपूर. सुरुवात 1 मिलिसेकंद प्रति डिव्हिजन ठेवून करा, ट्रिगर (चित्र कुठून धरायचं ती खूण) व्होल्टेजला उतरत्या कडेवर आणि करंटला चढत्या कडेवर.

दोन्ही पद्धतींना एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे नोझलमधून पेट्रोल किती आणि कसं पडतंय. खळगा झकास, कुबड झकास आणि तरी अर्धं भोक चोंदलेलं, असं होतं. त्यासाठी एकेक इंजेक्टर ठरावीक वेळ चालवून रेल प्रेशर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला दाब) किती पडतं ते बघा, किंवा सरळ काढून फ्लो बेंचवर (फवारा मोजणारं यंत्र) लावा. वेव्हफॉर्म सगळ्यांचे सारखे आले असतील तर स्कोप बाजूला ठेवून तिकडेच वळा.