कांगारू केअर : शिकवणी उत्तम, वेळ अपुरा

वेळेआधी जन्मलेल्या आमच्या मुलीचे वजन पावणेदोन किलोही भरले नव्हते, म्हणून तिला सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले. तेथील औषधोपचारांविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही. हा अभिप्राय केवळ कांगारू केअरच्या, म्हणजे बाळाला आई किंवा बापाच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याच्या, सोयीपुरता आहे.

शिकवण्याचे सारे श्रेय सिस्टरांचे. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे, श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून मान एका बाजूला वळवून किंचित वर ठेवायची, हातपाय बेडकासारखे दुमडायचे आणि कापडाची वरची कड कानाच्या पाळीखाली येईल अशा बेताने बांधायचे, हे त्यांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा करून दाखवले. माझ्या आईने हौसेने घरची सोलापुरी चादर नेली होती. ती जाड असल्याने अंगाशी घट्ट बसणार नाही, असे सांगून त्यांनी धुऊन मऊ झालेले जुने सुती धोतर मागवले आणि शेवटपर्यंत तेच कामी आले. ‘‘दादा, शर्ट काढून तुम्ही बसा, वहिनींना जेवून येऊ द्या,’’ असे म्हणून त्यांनी मलाही बसवले. एरवी अशा ठिकाणी बापाला दाराबाहेरच उभे करतात.

तक्रार आहे ती वेळेची. इन्क्युबेटर पुरत नसल्याने १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. आज मात्र ती नाइलाजाची राहिलेली नाही. भारतासह पाच देशांतील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी धरलेल्या एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांपैकी पहिल्या २८ दिवसांत १२ टक्के दगावली, तर स्थिर झाल्यावरच धरण्याच्या रूढ पद्धतीत हे प्रमाण १५.७ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे. या कक्षात सकाळ-संध्याकाळ मिळून जेमतेम तीन तास मिळतात, तेही सरळ पाठीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, जिथे सिझेरियनचे टाके ओले असलेल्या बाईला मागे रेलताही येत नाही. एसीचा झोत थेट अंगावर येतो, तो वेगळाच. आणि बिलात ‘कांगारू केअर’ची स्वतंत्र ओळ पाहून, धोतर आमचे आणि छातीही आमची, मग आकार कशाचा, असा प्रश्न पडलाच.

तरीही ज्यांना बाळ हाताळण्याची धास्ती वाटते, त्यांनी या सिस्टरांकडून जरूर शिकून घ्यावे. मात्र आईला दुपारी आणि रात्री आत बसू देतात का, हे दाखल करतानाच विचारावे. आम्ही लेखी विनंती केल्यावर दुपारचे दोन तास वाढवून मिळाले, रात्रीची परवानगी शेवटपर्यंत मिळाली नाही.