कन्नड घाटातला जळका वास: कॅलिपर दुरुस्तीनंतरचे आठ महिने

मागच्या मे महिन्यात गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाचं कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग, खोलून दुरुस्त करून घेतलं. त्यानंतर नऊ हजार किलोमीटर झाले, तेव्हा आता खात्रीने लिहितो. गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. मी राहतो पाचोऱ्याला, बहीण छत्रपती संभाजीनगरला. त्यामुळे भडगाव, चाळीसगाव आणि पुढे कन्नड घाट, हा रस्ता महिन्यातून एकदा तरी ठरलेला.

वास पहिल्यांदा आला तो घाट उतरताना. घाटात कुणाचे ना कुणाचे ब्रेक तापलेलेच असतात. पुढच्या पिकअपचा असेल म्हणून काचा वर केल्या. पण चाळीसगाव आलं, पिकअप कधीच मागे राहिली, तरी वास आमच्यासोबतच.

एका वर्कशॉपमध्ये नेली. घाट म्हटल्याबरोबर त्यांनी क्लच सांगितला. चालवूनही बघितली नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट बदलली, मजुरीसकट साडेनऊ हजार रुपये दिले आणि तिसऱ्याच दिवशी एरंडोलच्या सपाट रस्त्यावर पुन्हा तोच वास. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण आई मागच्या सीटवर असताना अशीच गाडी घाटातून उतरवली होती, हे जास्त लागलं. क्लच जळतो तो अर्ध्या क्लचवर गाडी रेटल्याने, आणि क्लच घसरत असेल तर वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. हे मला तेव्हा माहीत असतं, तर खर्चाआधी विचारलं असतं.

उलगडा केला चाळीसगावच्या एका म्हाताऱ्या फिटरने. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मला दहा किलोमीटर फिरवून आणायला लावलं, मग चारही चाकांपाशी वाकून म्हणाले, "भाऊ, हाऊ क्लचना वास नही शे." उजव्या चाकाला हात लावायची गरजच नव्हती, वीतभर लांबूनच झळ लागत होती. पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर अडत अडत फिरत होतं. ब्रेक दाबल्यावर पॅड डिस्कला धरतात आणि पाय काढला की कॅलिपर पिनांवर सरकून मोकळं होतं. माझ्या गाडीत एका पिनेचं रबर फाटलेलं होतं. पावसाळ्याचं पाणी आणि आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आत जाऊन पिन गंजली आणि अडकून बसली. म्हणजे गाडी कायम थोडा ब्रेक लावूनच पळत होती. खोलल्यावर आतला पॅड दोन मिलीमीटर उरला होता आणि बाहेरचा सात. आप्पा म्हणाले, ही एवढी तफावत दिसली की पिन अडकली समजायचं.

दोन्ही बाजूंच्या पिना आणि रबरं, नवे पॅड, नवं ब्रेक ऑइल असं सगळं मिळून तीन हजारांच्या आत झालं. साध्या ग्रीसने रबर फुगतं, म्हणून पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावून घ्या, यावर अडून बसा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ हा ब्रेक ऑइलचा प्रकार नवा असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. चाक तापलेलं, ऑइल जुनं आणि समोर घाटाचा उतार, असं जुळून आलं तर ऑइल उकळतं, पॅडल थेट तळाला जातं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचंच.

त्याच आठवड्यात लांबूनच तापमान मोजणारी एक टेम्परेचर गन घेतली. माझ्या मते तिचे पैसे सगळ्यात आधी वसूल झाले. चकचकीत धातूवर ती चुकीचं, बहुधा कमी तापमान दाखवते, तेव्हा आकड्यावर न जाता दोन्ही बाजूंच्या चाकांवर एकाच जागी, मळकट भागावर धरून तुलना करायची. भर उन्हाळ्यात, बाहेर ४४ अंश असताना, घाट उतरून थांबलो तेव्हा पुढच्या दोन डिस्कमध्ये आठ-दहा अंशांचाच फरक होता. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र कधीच ओतू नका, डिस्क वाकते किंवा तडकते.

मायलेज सतरावरून वीसच्या वर गेलं. गाडी उजवीकडे ओढायची, तेही थांबलं.

दिवाळीनंतर सावद्याहून येताना पुन्हा जळका वास आला आणि छातीत धस्स झालं. या वेळी चाकं सारखीच होती आणि वास प्लास्टिकचा होता. खाली वाकून पाहिलं तर केळीच्या घडाला घालतात ती स्कर्टिंग बॅग सायलेन्सरला चिकटून वितळली होती. गार झाल्यावर खरवडून काढली. असा प्लास्टिकचा वास डॅशबोर्डमधून आला तर मात्र तिथेच गाडी बंद करून उतरायचं आणि वायरिंग तपासल्याशिवाय पुढे न्यायची नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज तर बसवायचाच नाही, त्यानेच वायर पेटते. बॉनेटमधून करपलेल्या ऑइलचा वास आला तर आधी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग बघा, तिथून गळालेलं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून जळतं. गोडसर वास असेल तर इंजिन गार ठेवणारं कूलंट गळतंय.

एक तक्रार उरली आहे. हिवाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला पॅड किंचित किंचाळतात, नंतर गप्प होतात. गेल्या रविवारी त्यासाठीच आप्पांकडे चाक उघडून घेतलं. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड सारखेच झिजलेले होते.