पंखा नसलेलं खोकं: मागाच्या घरात एचपी टी ६२०, चौदा महिन्यांनंतर

आधी घर कुठं आहे ते सांगतो, नाहीतर या खोक्याचं, म्हणजे या छोट्या कॉम्प्युटरचं, एवढं कौतुक कशाला ते कळायचं नाही. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, कन्ना चौकापासून चालत सात-आठ मिनिटं. खाली घरमालक अण्णांचे सहा माग, वर आम्ही. टॉवेल निघतात. सकाळी आठला खडखडाट सुरू होतो. त्याची सवय होते. पाहुणे आले की त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं, आपण ओरडून बोलतोय. सवय होत नाही ती सुताच्या भुग्याची. जिन्यावर, मच्छरदाणीवर, दुधाच्या पातेल्यावरच्या ताटलीवर, सगळीकडं पांढरी लव.

आणि पंखा असलेला कॉम्प्युटर म्हणजे हा भुगा ओढून घ्यायचं यंत्र. माझा पहिला डेस्कटॉप दोन वर्षांत बसला. उघडला तर प्रोसेसरच्या पंख्याच्या आसाभोवती समईत घालावी तशी वात वळली गेली होती, अगदी सुबक. नंतर एक जुना लॅपटॉप विंडोजऐवजी लिनक्स टाकून कोपऱ्यात चोवीस तास चालू ठेवला. तो उन्हाळ्यात दुपारी एकच्या सुमारास तापून आपला आपण बंद पडायचा. दर तीन महिन्यांनी उघडून साफ करता करता स्क्रूचे आटेच गेले. शेवटी तळाला चिकटपट्टी लावली होती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये नवी पेठेतल्या एका जुन्या मालाच्या गाळ्यात हे एचपी टी ६२० दिसलं. कुठल्यातरी ऑफिसातून एकगठ्ठा निघालेले थिन क्लायंट, एकावर एक विटांसारखे रचलेले. मूळ काम एवढंच, की टेबलावर बसायचं आणि पलीकडच्या मोठ्या सर्व्हरवरचा पडदा इथं दाखवायचा. म्हणून आत डिस्क नावापुरती, पंखा अजिबात नाही. "विंडोज टाकून देऊ का?" दुकानदार म्हणाला. नको म्हटलं. "मग वॉरंटी काय सांगू ओ तुम्हाला? पंखाच नाही, बिघडणार काय?" अडॅप्टर, ४ जीबी रॅम आणि १६ जीबीची फ्लॅश धरून २,६०० रुपये झाले. घासाघीस करून शंभर सुटले असते, पण मला ते कधी जमलेलं नाही.

आत एएमडीचा जीएक्स-४१५जीए प्रोसेसर आहे, चार गाभे (कोअर), १.५ गिगाहर्ट्‌झ. घेताना नीट बघा, याच नावाखाली दोन गाभ्यांचंही मॉडेल येतं आणि बाहेरून दोन्ही सारखीच. गाभे जग्वार जातीचे, म्हणजे प्लेस्टेशन ४ मध्ये जे आठ होते त्याच जातीचे. हे ऐकून भाच्यानं लगेच गेमचं विचारलं. नाही रे बाबा. रॅमच्या दोन खाचा आहेत, लॅपटॉपवाली डीडीआर३एल बसते. मेलेल्या लॅपटॉपमधली ४ जीबीची पट्टी काढून घातली, ८ झाले. एचडीएमआय नाही, डिस्प्लेपोर्ट आहे, तेव्हा कन्व्हर्टरचे पैसे धरा. एम.२ ची खाच आहे, पण साटा जातीची. मी न वाचता दुसऱ्या जातीची, एनव्हीएमई डिस्क मागवली आणि ती चालली नाही. चूक माझी, परत करायचा खर्चही माझा.

डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं तेव्हा मला ग्राफिक्सची धास्ती होती. एएमडीच्या या चिपला वेगळं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर लागतं, आणि पूर्वी ते डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. मुक्त सॉफ्टवेअर नाही म्हणून बाहेर. मग काळा पडदा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर शोधाशोध, पेनड्राइव्हच्या खेपा. २०२२ मध्ये डेबियनच्या लोकांनी मतदान घेऊन ते आत घ्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच आलं. चहा पिऊन येईपर्यंत माझं इन्स्टॉल झालं होतं. नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये १३ आलं, तेही घातलं. एका रविवारचं काम, काही तुटलं नाही.

पहिल्या इन्स्टॉलच्या वेळी अण्णा भाडं न्यायला वर आले होते. तरुणपणी त्यांनी चादरीच्या जेकार्डवर काम केलेलं. मी काय करतोय विचारलं, सांगितलं, की यंत्र जुनंच आहे, आतलं सगळं पुसून दुसरं भरतोय. "म्हणजे माग तोच, पत्ते बदलले," म्हणाले. जेकार्डचे भोकं पाडलेले पत्ते. तेव्हापासून मी काहीही अपडेट करत असलो की ते जिन्यातून विचारतात, पत्ते बदललास का रे.

आता मुख्य गोष्ट, भुगा. चौदा महिन्यांत मी हे तीनदा उघडलं, तेही उत्सुकतेपोटी. बाहेरच्या जाळीवर लव बसते, पण खेचणारं कुणी नसल्यामुळं ती वरवरच राहते. ओल्या फडक्याचा एक हात मारला की गुंडाळी होऊन निघते. आत हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर पिठाच्या चाळणीला राहतो तेवढा थर. रंगाचा एक इंची ब्रश, दोन मिनिटं, संपलं. त्या लॅपटॉपचा पंखा साफ करताना दातांनी टॉर्च धरावा लागायचा.

पण पंखा नाही म्हणजे उष्णता जाणार कुठं, हा प्रश्न सोलापुरात कुणीही आधी विचारील. आमच्यावर पत्रा आहे. उन्हाळ्यात दुपारी खोलीतल्या घड्याळावरचा पारा चाळीस दाखवतो, तेव्हा सेन्सर्स कमांडनं पाहिलं तर प्रोसेसर ७९ अंशांवर. रात्री ६२ च्या आसपास. वरच्या अंगाला हात धरवत नाही. तरी एकदाही बंद पडलं नाही. एक मात्र करा: उभंच ठेवा. सुरुवातीला मी ते आडवं ठेवून वर राउटर ठेवला होता, तेव्हा आठ-नऊ अंश जास्त दिसायचे. आता फडताळात लाकडी पट्टीच्या आधारानं उभं आहे आणि राउटर खिळ्यावर.

काम काय करतं? घरातल्या सगळ्या मोबाइलमधले फोटो रात्री त्यावर उतरतात. प्रिंटर त्याला जोडलाय, अण्णांची बिलंही त्यावरच निघतात. आणि पाय-होल चालतं, म्हणजे जाहिरातींच्या सर्व्हरचे पत्ते कुणी विचारले की ते देतच नाही. आईच्या पाककृतींच्या पानांवर पूर्वी मसाल्याच्या यादीआधी चार जाहिराती यायच्या, त्या गेल्या. तिला कारण ठाऊक नाही. नेट बरं झालंय एवढंच ती म्हणते.

त्याच पाय-होलनं मे महिन्यात मला घाम फोडला. आम्ही पंधरा दिवस गावी गेलो होतो, जाताना मी प्लग काढून ठेवला. रात्री साडेदहाला परत आलो, चालू केलं, तर घरात एकही साइट उघडेना. वाय-फाय आहे, राउटर ठीक. आई बॅग सोडायच्या आधी विचारते, "नेट गेलं का रे?" केबल काढून घातली, राउटर दोनदा बंद-चालू केला. अर्ध्या तासानं टर्मिनलवर सहज तारीख विचारली, आणि ती निघाली आम्ही गेलो त्या रात्रीची. आतला नाण्याएवढा सेल संपलेला, तेव्हा प्लग काढला की घड्याळ थांबलं.

पण नुसती तारीख चुकल्यानं नेट का बंद? तर मी पाय-होलच्या मागं अनबाउंड बसवलंय, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारा प्रोग्राम, आणि तो पत्ता खरा आहे का हे ते डिजिटल सहीवरून तपासतं. सहीवर तारीख असते. घड्याळ पंधरा दिवस मागं, म्हणजे अनबाउंडच्या लेखी आजच्या सह्या भविष्यातल्या, खोट्या. घड्याळ सुधारायला वेळेच्या सर्व्हरला विचारावं लागतं, त्याचा पत्ता काढायला अनबाउंडच लागतं, आणि ते म्हणतं सही खोटी. घड्याळ चुकलं म्हणून पत्ता मिळेना, पत्ता मिळेना म्हणून घड्याळ सुधरेना. हातानं तारीख घातली आणि दहा सेकंदांत सगळं सुरू. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडून चाळीस रुपयांचा सीआर २०३२ सेल आणून बसवला. शिवाय वेळेच्या एका सर्व्हरचा नावाऐवजी थेट आयपी पत्ता लिहून ठेवला. जुनं यंत्र घेताय तर हा सेल घेतल्या दिवशीच बदला, माझ्यासारखी रात्र काढू नका.

वीज: माझ्या मीटरवर ९ ते १० वॅट. महिन्याला सात युनिटच्या आसपास. आधीचा डेस्कटॉप काही न करता ६५ वॅट खायचा, त्याचे महिन्याला सत्तेचाळीस व्हायचे. वीज गेली की हे इन्व्हर्टरवर चालतं आणि इन्व्हर्टरला पत्ताही लागत नाही.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. रोज समोर बसून वापरायला नको. मी आठवडाभर मॉनिटर लावून पाहिलं. लिबरऑफिस ठीक, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब झाले की माउस विचार करून हलतो. घरातले सिनेमे टीव्हीवर पाठवायला जेलीफिन टाकलं. फाइल आहे तशी पाठवायची असेल तर तक्रार नाही. मोबाइलसाठी आकार बदलून पाठव म्हटलं की चारही गाभे शंभर टक्के आणि चित्र अडखळायला लागतं. ज्यांच्या घरात भुगा नाही, एसी आहे, त्यांनी याच पैशात जरा भर घालून पंखा असलेला छोटा डेस्कटॉप घ्यावा, वेग दुप्पट मिळेल.

अण्णांना आता खाली शेडमधल्या टेबलासाठी एक हवंय, नुसती बिलं आणि तेलुगू बातम्या एवढ्यापुरतं. बातम्यांना एखाददुसरा टॅब पुरतो, तेव्हा हो म्हटलं. परवा गाळ्यावर जाऊन आलो. ढिगातली तीनच उरलीत आणि भाव ३,२०० झालाय. दोन उघडून बघितली, एक दोन गाभ्यांचं निघालं. दुसरं बाजूला ठेवायला सांगून आलोय, सेल मी घरूनच नेणार आहे.