एकच खेळ की चार?

नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर आठ-नऊ वर्षांचं पोर रोज दोन्ही वेळा फक्त गोलंदाजी करताना दिसलं की जीव कळवळतो. वाढत्या वयात तीच कंबर, तोच खांदा सतत ताणला की मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका वाढतो. खो-खो, फुटबॉल, पोहणं आलटून-पालटून केलं तर ताण विभागतो, तोल आणि चपळाईही येते. इथल्याच खापरखेड्याच्या वेगवान गोलंदाज उमेश यादवने लेदर बॉल विशीच्या आसपास हाती घेतला, तरी २०११ मध्ये तो कसोटी खेळला.

बुद्धिबळाचं मात्र वेगळं. आपली दिव्या देशमुख लहानपणीच पटावर बसली आणि २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. जिम्नॅस्टिक्सलाही लवकर सुरुवात लागते. क्रिकेटसाठी मी तरी मुलांना पंधराव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला जुंपणार नाही. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टीही देईन.